तीच थाप, नवे दार

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरात शिरून घरच्यांना रात्रभर छळणाऱ्या अनोळखी माणसांच्या इंग्रजी भयपटांविषयी आणि त्यांच्या पुन्हा पुन्हा निघणाऱ्या नव्या आवृत्त्यांविषयी आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात एक टिपण आले होते. एकदा सांगून झालेली गोष्ट पुन्हा कशाला सांगायची आणि असले काही सभ्य माणसांनी पाहायचे तरी कशाला, असा त्याचा सूर होता. पुढच्या अंकांत त्यावर पत्रेही आली. एका वाचकाने असे चित्रपट बंदच करावेत असे लिहिले, तर दुसऱ्याने जुना तेवढा चांगला आणि नवा टाकाऊ असा निकाल देऊन विषय संपवला. मी अमळनेर येथे राहणारी निवृत्त शिक्षिका असून वय सत्तरीला टेकले आहे, आणि ज्या चित्रपटावरून ही चर्चा निघाली तो मी जुना व नवा असा दोन्ही पाहिला आहे. म्हणून हे पत्र. लांबले तर अवश्य कापावे. मात्र घरांविषयी लिहिलेला मजकूर शक्यतो ठेवावा, कारण माझे म्हणणे त्यातच आहे.

मे महिन्यात माझी नात पुण्याहून सुटीला आली होती. दुपारी बाहेर पडण्याची सोय नाही आणि रात्री अकरापर्यंत भिंती तापलेल्या, अशा आपल्या खान्देशी उन्हाळ्यात करमणुकीला फारसे काही उरत नाही. ‘आजी, तू घाबरशील,’ असे ती म्हणाली, तेव्हा सातवीच्या वर्गावर तीस वर्षे काढलेल्या बाईला घाबरवणे सोपे नाही, एवढेच मी तिला सांगितले. पहिल्या रात्री आम्ही जुना चित्रपट पाहिला आणि दुसऱ्या रात्री नवा. पहिल्या रात्री ती दोनदा आणि मी एकदा उठून मागच्या दाराची कडी पाहून आलो. दुसऱ्या रात्री कोणीच उठले नाही.

जुना म्हणजे ब्रायन बर्टिनो यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला २००८ सालचा ‘द स्ट्रेंजर्स’. एका लग्नसमारंभातून एक तरुण जोडपे उत्तररात्री, वस्तीपासून दूर असलेल्या, मुलाच्या कुटुंबाच्या घरी येते. त्याने तिला मागणी घातलेली आहे, तिने ती नाकारलेली आहे, आणि तिच्या होकाराच्या भरवशावर आधीच सजवून ठेवलेल्या त्या घरात आता दोघांना एकमेकांच्या नजरेला नजर देता येत नाही. अशा वेळी, पहाटे चारच्या सुमारास, दार वाजते. बाहेरच्या अंधारात उभी असलेली एक मुलगी, तिथे राहत नसलेल्या कुणाचे नाव घेऊन, ती घरी आहे का असे विचारते. नाही म्हटल्यावर जाते आणि पुन्हा येते. पुढे मुखवटे घातलेली तीन माणसे आधी त्या घराभोवती आणि मग घरात वावरू लागतात. त्यांना पैसा नको आहे, कुठले जुने वैरही काढायचे नाही. (तिघेच असल्यामुळे आपल्या कायद्याने त्याला दरोडासुद्धा म्हणता येणार नाही, दरोड्याला किमान पाच माणसे लागतात.) अखेरीस ‘आम्हीच का?’ या प्रश्नाला त्यांच्याकडून उत्तर मिळते ते इतकेच, की तुम्ही घरी होतात. सुमारे ९० लाख डॉलरमध्ये काढलेल्या या चित्रपटाने जगभरात ८ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. एक घर, एक रात्र आणि बोटांवर मोजता येतील इतके नट. निर्मात्यांना ही गोष्ट पुन्हा का काढावीशी वाटते, या आपल्या टिपणकर्त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या हिशेबातच आहे. एका वर्षी कापसाला भाव मिळाला की पुढच्या वर्षी अख्खे शिवार पांढरे होते, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

नवा चित्रपट २०२४ सालचा, ‘द स्ट्रेंजर्स: चॅप्टर १’, दिग्दर्शक रेनी हार्लिन. याचे तीन भाग एकत्रच चित्रित करण्यात आले, तेही युरोपातील स्लोव्हाकियात, जरी गोष्ट अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात घडते असे दाखवले आहे. आपल्या सोबतीची पाच वर्षे साजरी करायला निघालेल्या जोडप्याची गाडी एका लहान गावात बंद पडते आणि ती दोघे रानातल्या, भाड्याने मिळणाऱ्या लाकडी घरात रात्र काढतात. दार तसेच वाजते, प्रश्न तसाच विचारला जातो, मुखवटेही ओळखीचेच. तरीही आमच्या घरची कडी त्या रात्री कोणी पाहिली नाही, आणि त्याचे कारण गोष्ट जुनी झाली हे नव्हते, असे माझे मत आहे. पहिल्या चित्रपटातले घर त्या मुलाच्या माणसांचे होते आणि दार वाजण्याआधीच तिथे एक न बोललेले दुःख येऊन बसले होते, त्यामुळे ‘तुम्ही घरी होतात’ हे उत्तर काळजात रुतते. दुसऱ्या चित्रपटातली माणसे एका रात्रीपुरती उतरलेली. ती त्या घरात नसती तर दुसऱ्या घरात असती, आणि त्या घराची कुठली खिडकी नीट लागत नाही हे त्यांनाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. परक्याच्या घरात परका शिरला, तर शिरले कोण आणि कोणाकडे? शिवाय, नव्या चित्रपटातले गाव सुरुवातीपासूनच आल्या-गेल्याकडे संशयाने पाहणारे आणि म्हणून प्रेक्षकालाही संशयास्पद वाटणारे दाखवले आहे. जुन्यात संशय घ्यायला कोणी नव्हतेच. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगू नये, हा नियम या प्रकाराला लावला असता तर तो केव्हाच बंद पडला असता. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०९ साली ‘द लोनली व्हिला’ हा छोटा मूकपट काढला. त्यात चोर दार फोडत असतात, आई मुलींना घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मागे सरकत राहते आणि टेलिफोनवर नवऱ्याशी चाललेले बोलणे मध्येच तुटते. ही कल्पनाही त्यांची स्वतःची नव्हती. तिच्या आधी फ्रान्समध्ये त्याच धर्तीचे नाटक आणि चित्रपट होऊन गेले होते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या १९१३ साली आला, त्याच वर्षी लॉइस वेबर या बाईंनी फिलिप्स स्मॉली यांच्यासह ‘सस्पेन्स’ हा जेमतेम दहा मिनिटांचा मूकपट केला. घरात एकटी आई आणि तान्हे मूल. काम सोडून गुपचूप निघून गेलेली मोलकरीण किल्ली पायपुसण्याखाली ठेवून जाते, आणि एक भटका ती तिथून उचलतो. हे वाचणाऱ्या किती जणींनी गावाला जाताना किल्ली पायपुसण्याखाली, कोनाड्यात किंवा तुळशी वृंदावनामागे ठेवली असेल, याची मला कल्पना आहे, कारण मीही ठेवलेली आहे. घर, किल्ली, तुटलेला फोन आणि वेळेवर न पोहोचणारी मदत हे सामान शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही. १९६७ च्या ‘वेट अंटिल डार्क’मध्ये ऑड्री हेपबर्न यांनी रंगवलेली अंध स्त्री घरातले दिवे फोडून टाकते, म्हणजे घुसलेल्यांना आणि तिला अंधार सारखाच होतो, अशी एखादी नवी युक्ती कुणाला सुचली की त्या जुन्या सामानाला पुन्हा धार येते.

पुन्हा सांगण्याचे सर्वांत विचित्र उदाहरण मात्र मायकेल हानेके यांचे. या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाने १९९७ साली ‘फनी गेम्स’ हा चित्रपट जर्मन भाषेत केला आणि दहा वर्षांनी, २००७ मध्ये, तोच चित्रपट जवळजवळ दृश्याला दृश्य जुळवून, नाओमी वॉट्स आणि टिम रॉथ यांना घेऊन इंग्रजीत केला. पडद्यावरच्या हिंसेला सरावलेल्या अमेरिकी प्रेक्षकाला उद्देशून आपण हे केले आहे आणि तो प्रेक्षक जर्मन चित्रपट पाहायला येत नाही, म्हणून इंग्रजीत पुन्हा केला, ही त्यांची भूमिका. त्यात पांढरे हातमोजे घातलेला, अत्यंत अदबीने बोलणारा एक मुलगा तळ्याकाठच्या घरी येतो आणि शेजारणीने पाठवले आहे असे सांगून चार अंडी मागतो. अंडी फुटतात, तो पुन्हा मागतो, आणि तेवढ्यात घरातला फोन त्याच्या धक्क्याने पाण्यात पडतो. घरची बाई हळूहळू चिडते, पण त्याला घालवून देता येईल असे कारण तिला शब्दांत सांगता येत नाही. मला या एका प्रसंगाची जितकी भीती वाटली, तितकी दोन्ही ‘स्ट्रेंजर्स’मधल्या सगळ्या मुखवट्यांची मिळून वाटली नाही. आपल्याकडे वाटी घेऊन विरजण मागायला येणाऱ्या मुलाला कोणी दारात उभे करून त्याची चौकशी करत नाही. त्याला आत घेऊन आधी बसायला सांगतात. शेजारधर्माचीच किल्ली करून हा मुलगा आणि त्याचा जोडीदार आत येतात. पुढे एका ठिकाणी घरच्या बाईच्या हातून घुसखोरांपैकी एक जण मारला जातो, तर त्याचा जोडीदार रिमोट घेऊन चित्रपटच मागे नेतो आणि तो प्रसंग घडलेला नाहीसा करतो. तिथे मी टीव्ही बंद केला. बाकीचा चित्रपट नातीने मला तोंडी सांगितला, आणि ते ऐकणे पाहण्यापेक्षा सोपे होते असे म्हणवत नाही. बहुतेक मारहाण त्यात पडद्याबाहेरच घडते, हे मात्र बंदी मागणाऱ्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

हिंदीतही ही परंपरा आहे. यश चोप्रा यांचा १९६९ चा ‘इत्तेफाक’ माझ्या पिढीला आठवत असेल. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना एका घरात शिरतो आणि घरात एकटी असलेली बाई म्हणजे नंदा, आपल्या मास्टर विनायकांची कन्या. गाणे एकही नाही, आणि जवळजवळ सारा चित्रपट एकाच घरात. त्याच्या मागे ‘धुम्मस’ हे गुजराती नाटक होते आणि त्याच्याही मागे १९६४ चा एक इंग्रजी चित्रपट, म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो तीही नक्कलच. २०१७ साली त्याच नावाने त्याची नवी आवृत्ती आली, तेव्हा घर मागे पडले आणि पोलीस चौकशीतल्या दोन जबान्या पुढे आल्या. रहस्यकथा म्हणून ती वाईट नव्हती, पण भीती घराबरोबरच गेली. याउलट रामगोपाल वर्मांच्या १९९९ च्या ‘कौन?’मध्ये भर पावसात एकट्या असलेल्या उर्मिला मातोंडकरच्या दाराशी मनोज बाजपेयी येतो आणि मल्होत्रा नावाच्या, तिथे राहत नसलेल्या माणसाची चौकशी करतो. अमेरिकेतल्या त्या मुलीने दुसऱ्याच कुणाचे नाव घेऊन दार वाजवले, त्याच्या नऊ वर्षे आधी. एकाने दुसऱ्याचे उचलले असे मी म्हणत नाही. चुकीचे नाव घेऊन दार उघडायला लावणे ही युक्ती दारे अस्तित्वात आल्यापासूनची असावी.

आता घरांविषयी. माझे माहेर पारोळा तालुक्यातले, घर धाब्याचे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडे आणि त्यांवर मातीचा थर, उजेडासाठी आणि धुरासाठी छताला साणे. गल्लीतली घरे एकमेकांना इतकी खेटून होती की एका टोकाच्या धाब्यावर चढलेले मूल खाली न उतरता दुसऱ्या टोकाच्या घरात उतरू शके. उन्हाळ्यात सगळी गल्ली वरच झोपायची. तीन घरांपलीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला कोणाचा हे अंधारात ओळखू येई. दाराला आतून लाकडी अडसर होता, पण तो बहुधा कुत्र्या-मांजरांसाठी लागत असे. कानबाई ही आपली खान्देशी देवी घरी बसायची त्या रात्री तर दार लोटलेलेसुद्धा नसे. रात्री दार वाजले की माझी आजी खाटेवरूनच विचारायची, ‘कोन शे?’ आणि बाहेरून उत्तर यायचे, ‘मी शे.’ एवढ्यावर दार उघडले जाई, कारण ‘मी’ म्हणजे कोण हे आवाजावरून समजत असे आणि न समजलेच, तर वर धाब्यावर झोपलेल्यांपैकी कोणीतरी वाकून पाही. त्या घरात ‘द स्ट्रेंजर्स’ घडवायचा म्हटले तर चित्रपट दहाव्या मिनिटाला संपेल. पहिल्या थापेला गल्ली जागी होईल, दुसऱ्या थापेला मुखवटेवाल्यांना ओट्यावर बसवून त्यांचे गाव आणि आडनाव विचारले जाईल.

म्हणूनच तीस-चाळीस वर्षांपूर्वी असले इंग्रजी चित्रपट आपल्याला परके वाटत आणि आपण त्यांना हसत असू. रानातल्या एकाकी घरात राहायला जायचेच कशाला, हा आपला पहिला प्रश्न असायचा. आज तो प्रश्न माझी नात विचारत नाही आणि मलाही सुचला नाही, याचे मला त्या रात्री आश्चर्य वाटले. मी ज्या कॉलनीत राहते ती शेतजमिनीचे एन. ए. (बिगरशेती) प्लॉट पाडून उभी राहिली आहे. प्रत्येक बंगल्याला कुंपणाची भिंत, खिडक्यांना ग्रिल, दाराला जाळीचा आणखी एक दरवाजा, आणि फाटकावर कॅमेरा. मुले पुण्याला, सुरतेला किंवा परदेशात. आमच्या ओळीतल्या दहा बंगल्यांपैकी रात्री चारांतच दिवा लागतो आणि त्यांपैकी दोन घरांत एकेकटी बाई राहते, एक मी. गच्ची प्रत्येकाला आहे, पण तिथे झोपायला कोणी जात नाही, कारण खाली कूलर आहे. मी हाक मारली तर शेजारच्या कूलरच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाईल असे वाटत नाही. म्हणजे ओरेगॉनमधले ते रानातले घर आपल्याकडे चालत आलेले आहे; फक्त रानाच्या जागी कॉलनी आहे. या चित्रपटांचे आकर्षण आपल्या मुलांना का वाटते, हे ज्यांना कोडे वाटते त्यांनी एकदा रात्री साडेदहाला अशा कॉलनीतून चालत जावे.

प्रत्यक्षातली भीती वेगळी आहे हे मला माहीत आहे. आपल्याच दैनिकात ‘बंद घर फोडले’ हा मथळा वर्षभर आलटून पालटून दिसतो आणि लग्नसराईत व दिवाळीत जरा जास्त दिसतो. चोर कुलूप पाहून येतो. घरी माणूस असणे हाच आपल्याकडे सर्वांत जुना पहारा समजला जातो. गंमत अशी की बर्टिनो यांना आपल्या चित्रपटाची कल्पना सुचली तीही अशाच घटनेवरून. लहानपणी त्यांच्या दाराशी काही लोक येऊन तिथे न राहणाऱ्या कुणाची चौकशी करून गेले, आणि नंतर कळले की हे लोक दारे वाजवून पाहत होते व जिथे कोणी घरी नव्हते ती घरे फोडत होते. खऱ्या आयुष्यात घरी असलेले वाचले होते. चित्रपटाने ते उलटे केले, आणि उलटे केल्यामुळेच तो चालला. आपल्या कायद्यालाही रात्रीचे महत्त्व ठाऊक आहे. १८६० च्या दंड संहितेने सूर्यास्त ते सूर्योदय यांच्या दरम्यान केलेली घरफोडी वेगळी धरली होती आणि ती रोखताना घरमालकाच्या बचावाच्या हक्काची मर्यादा थेट घुसणाऱ्याचा जीव जाण्यापर्यंत वाढवली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो भेद राहिला आहे. रात्री घरात शिरलेल्या माणसाची भीती ही भित्र्यांची लहर नव्हे, असे कायदा करणाऱ्यांनाही वाटले असावे.

पण याच ठिकाणी मला आपल्या भागापुरती एक गोष्ट लिहायची आहे आणि ती लिहिताना सोपे वाटत नाही. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवरून फिरलेल्या अफवांनी आधीच्या काही आठवड्यांत वातावरण तापवले होते. कोणताही भयपट त्याला कारण नव्हता आणि तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. तरीही अनोळखी माणसाची भीती या भागात एकदा काय करून बसली आहे हे ज्याला आठवते, त्याला अशा चित्रपटाकडे पाहताना एक प्रश्न विचारावाच लागतो: मुखवट्याखाली चेहरा कोणाचा ठेवला आहे? १९१३ च्या मूकपटात तो भटक्याचा होता. हानेके यांनी तो सुशिक्षित, गोरागोमटा आणि गोल्फ खेळणारा केला, आणि त्यांचे मोठेपण मला यात वाटते. तसा मुलगा दारात आला तर कोणीही दार उघडेल. २००८ च्या ‘स्ट्रेंजर्स’ने चेहरा दाखवलाच नाही. २०२४ च्या आवृत्तीने मात्र गावकऱ्यांच्या नजरांकडे बोट दाखवायला सुरुवात केली, म्हणजे शहरातल्या जोडप्याला गावच खायला उठते, आणि शंभर वर्षे चालून आपण पुन्हा त्या भटक्याशी आलो. उद्या कोणी या गोष्टीची मराठीत नवी आवृत्ती काढली आणि मुखवट्याखाली पालावरचा माणूस, परप्रांतीय मजूर किंवा घरगडी निघाला, तर तो चित्रपट कितीही सफाईदार असला तरी मी त्याला भित्रा म्हणेन.

माझ्या लहानपणी मुखवटा दाराशी येत नसे असे नाही. बहुरूपी यायचा. फौजदाराचा वेश, खोटी मिशी, हातात कागद. ‘वॉरंट आहे, घरधन्याला बाहेर काढा,’ असे तो दरडावायचा आणि आम्ही पोरे आईच्या पदराआड जायचो. आई हसू दाबत सुपात ज्वारी घेऊन यायची, तेव्हा कुठे आम्हाला खरे काय ते कळायचे. आणि पुढच्या वर्षी तो येईल तेव्हा पुन्हा घाबरायचे हेही ठरलेले असायचे. पैसे देऊन घाबरून घेण्याची हौस इंग्रजी चित्रपटांनी आणली, असे ज्यांना वाटते त्यांना बहुरूपी आठवत नसावा. तीच गोष्ट दर वर्षी तोच माणूस तशीच करी आणि ती जुनी झाली अशी तक्रार कोणी केली नाही. फरक असा, की त्याची मिशी उतरल्यावर खाली ओळखीचा, घामेजलेला, भुकेला माणूस असे.

नात परत गेल्यानंतर आठ-दहा दिवसांनी रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या घराची बेल वाजली. ग्रिलबाहेर एक तरुण उभा होता आणि ‘पाटील सर येथेच राहतात का?’ असे विचारत होता. येथे कोणी पाटील राहत नाहीत, असे मी आतूनच सांगितले. अमळनेरात पाटील विचारणे म्हणजे नदीत पाणी विचारण्यासारखे आहे, हे मला एरवी लगेच सुचले असते. त्या क्षणी मला पहाटे चारची ती मुलगी दिसत होती. तो गेला नाही. पुन्हा म्हणाला, ‘काकू, रिटायर पाटील सर, हायस्कूलचे.’ मी बाहेरचा दिवा लावला तेव्हा त्याच्या हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिसला आणि मोटारसायकलवर बसलेले त्याचे वडीलही दिसले. सर मागच्या ओळीत राहतात. मी ते सांगितले, ग्रिलमधूनच सांगितले. त्यांनी मागितले नाही आणि मीही पाणी विचारले नाही. मे महिन्यात, दिवसभर पत्रिका वाटून आलेल्या माणसांना. माझ्या आजीला हे कळले असते तर तिने मला काय म्हटले असते ते अहिराणीत लिहिता येईल, पण आपण छापणार नाही.

असो. नव्या आवृत्त्या निघू नयेत असे मला अजिबात वाटत नाही. त्या आपल्या घरात निघाव्यात असे वाटते. विशाल फुरिया यांनी स्वतःचा ‘लपाछपी’ हिंदीत ‘छोरी’ म्हणून २०२१ साली पुन्हा केला आणि ऊस वाढलेल्या शेताची भीती मराठी न कळणाऱ्यांपर्यंत नेली. आपल्या वेशीवरच्या मालेगावात तर यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांनी ‘शोले’ नव्याने काढला तेव्हा डाकूंच्या घोड्यांच्या जागी सायकली आणल्या. त्यात पैशाची अडचण होती हे खरे, पण त्या सायकलींमुळेच ती गोष्ट मालेगावची झाली. अशीच कोणीतरी या दार वाजण्याच्या गोष्टीत आपली कॉलनी आणावी. कूलरची घरघर आणावी, ज्यात बेल ऐकू येत नाही. रात्री दहानंतर वीज गेली की एकदम पसरणारी शांतता आणावी. मोबाइलवर कॅमेऱ्याचे चित्र पुण्यातला मुलगा पाहतो आहे आणि आईला ‘दारात कोणी नाही गं’ असे सांगतो आहे, हा प्रसंग तर मला आत्ता लिहितानाच दिसतो आहे. केळीच्या बागेतून रात्री पाणी भरून येणारा सालदार, ज्याला कॉलनीतले सगळे संशयाने पाहतात आणि ज्याला घरातला खरा प्रकार सर्वांत आधी कळतो, असा माणूस त्यात असावा.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच आहे की यापुढे अशा चित्रपटाचे परीक्षण छापताना तो कोणत्या जुन्या चित्रपटावरून केला आहे हे नावानिशी आणि सालासह द्यावे, आणि जुना चांगला की नवा या प्रश्नावर थांबण्याऐवजी दोन्हींत घर कसे बदलले व दाराबाहेरचा माणूस कसा बदलला, यावर चार ओळी खर्च कराव्यात. परीक्षण लिहिणाऱ्यांनी चित्रपटगृहात न पाहता एकदा घरी, रात्री, मागच्या दाराची कडी लावून पाहावा. बंदीची मागणी करणाऱ्या वाचकांना मी वेगळे उत्तर देत नाही. त्यांनी तो पाहिलेला नाही असे त्यांच्याच पत्रावरून दिसते.

मागच्या ओळीतल्या पाटील सरांच्या त्या आप्तांचे लग्न पुढच्या आठवड्यात आहे. पत्रिका दुसऱ्या दिवशी मलाही आली आहे आणि मी जाणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव